आडव्या दांडीआधी बुश बघा

फोक्सवॅगन पोलोचं उत्पादन चाकणमध्ये 2022 साली थांबलं. तेव्हापासून तिची जीटी टीएसआय आवृत्ती जपून ठेवणाऱ्यांची तिच्यावरची माया वाढलीच आहे. या मायेपोटी होणारी पहिली खरेदी बहुधा ठरलेली असते: बॉनेट उघडताच डोळ्यांत भरणारी, दोन स्ट्रट टॉवरना, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनची वरची टोकं जिथे बॉडीला बसतात त्या उंचवट्यांना, जोडणारी आडवी दांडी. माझं मत या खरेदीच्या विरोधात आहे. त्या पैशांत गाडीचं खरं दुखणं बरं होऊ शकतं, आणि ते तसंच राहून जातं.

या दांडीचा इतिहास मात्र अस्सल आहे. 1964 मध्ये आलेल्या फोर्ड मस्टँगमध्ये पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसवलेली होती, त्यामुळे पुढचं वजन थेट टॉवरवर यायचं. दोन टॉवरच्या मधली जागा इंजिनाने व्यापलेली, आणि टॉवर कालांतराने आत झुकायचे. परदेशी जाणाऱ्या गाड्यांना फोर्डने टॉवरपासून फायरवॉलपर्यंत दणकट पत्र्याचा आधार दिला, तो ‘एक्स्पोर्ट ब्रेस’. 1965 च्या शेल्बी जीटी 350 मध्ये त्याच्या जोडीला दोन टॉवरमधली ‘मॉन्टे कार्लो बार’ही होती. तिथे दांडीला नेमकं काम होतं.

पोलोला पुढे मॅक्फर्सन स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेले खांब. वळणावर टायरला बसणारा आडवा जोर खालच्या आर्ममधून आणि स्ट्रटच्या माथ्यातून बॉडीत शिरतो, पण सारखा वाटून नाही. खालचा बॉल जॉइंट जमिनीपासून 20 सेंटीमीटरवर आणि स्ट्रटचा माथा 80 सेंटीमीटरवर धरून हिशेब मांडा. खालच्या आर्मवरचा आडवा जोर माथ्यावरच्या जोराच्या चौपट निघतो. आकडे गाडीगणिक बदलतील, कल हाच राहील. हा जोर आर्मच्या रबरी बुशमधून सबफ्रेमला आणि सबफ्रेमच्या बोल्टमधून बॉडीला जातो. आपल्या खड्ड्यांनी तेच बुश फाटतात. बुश फाटलेला असताना वर कितीही जाड दांडी टाका, ताम्हिणी घाटातल्या वळणावर स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर उशिराच वळणार.

म्हणून क्रम असा असावा: आधी बुश आणि सबफ्रेमचे बोल्ट, मग टायर आणि शॉकअब्सॉर्बर. ट्रॅकवर चिकट टायर लावून गाडी पळवणाऱ्यांना त्यानंतर दांडीचा उपयोग होतो. ती घेताना टोकाला बिजागरीसारखा बोल्ट असलेली घेऊ नका. असा सांधा दांडीला ताण आणि दाब सोसू देतो, वाकवणारा जोर आला की स्वतःच फिरतो. टोकाच्या पट्ट्यांसह एकसंध वेल्ड केलेली घ्या. ॲल्युमिनियमच्या चकाकीला भुलू नका. त्याच मापाच्या नळीत पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असतं. दांडी आणि बॉनेट यांच्यात मोकळी जागा किती उरते तेही पाहा, कारण पादचाऱ्याचं डोकं बॉनेटवर आपटलं तर पत्र्याला खाली दबायला ती जागा लागते.

पोलोसारख्या हॅचबॅकचा मागचा भाग म्हणजे झाकण नसलेला खोका, पीळ तिथे जास्त पडतो. डिकीतल्या आडव्या दांडीने थोडा फरक पडतो, पण सामानाची जागा जाते.

सर्वात जास्त ताठपणा देतो तो रोल केज, म्हणजे केबिनमधला पोलादी नळ्यांचा पिंजरा, आणि रस्त्यावरच्या गाडीत तो बसवण्याला माझा ठाम विरोध आहे. हेल्मेट आणि रेसिंग हार्नेसशिवाय बसलेल्या माणसाचं डोकं अपघातात त्या पोलादी नळीवर आदळू शकतं. ज्या गाडीत घरची माणसं बसतात तिच्यात हा धोका पत्करण्याइतकं कोणतंही वळण मोलाचं नाही.

ताठपणा वाढवणं हा एकच मार्गही नाही. बॉडी ही खरं तर शॉकअब्सॉर्बर नसलेली स्प्रिंग असते. यामाहा ‘परफॉर्मन्स डॅम्पर’ बनवते तो याच विचारातून: बॉडीच्या दोन बिंदूंमध्ये बसवायचा, तिची सूक्ष्म थरथर शोषणारा डॅम्पर. अवघडलेल्या ताठपणापेक्षा हा विचार मला जास्त पटतो.

दुकानात गेलात की विक्रेत्याला विचारा: हा भाग कोणत्या दोन बिंदूंना जोडतो, आणि माझ्या गाडीत त्या बिंदूंमध्ये कोणता जोर येतो? उत्तर मिळालं नाही, तर पैसे खिशात ठेवा आणि गाडी लिफ्टवर चढवून खालचे बुश तपासून घ्या.