भिंतीवरचे नाव आणि गल्ल्यावरचा माणूस

आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही बाजारगावी, मग ते मेहकर असो, मलकापूर असो वा संग्रामपूर, औषधाच्या दुकानात भिंतीवर काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र टांगलेले असते. त्यावर नोंदणीकृत फार्मासिस्टचे नाव असते. त्या नावाचा माणूस दुकानात हजर आहे काय, हा प्रश्न मात्र गिऱ्हाईक सहसा विचारीत नाही. सोयाबीन विकून आलेला शेतकरी किंवा सातपुड्याच्या पायथ्याहून आलेली आदिवासी बाई तापाची गोळी मागते आणि गल्ल्यावरचा पोरगा कातरीने पट्टी कापून चार गोळ्या हातावर ठेवतो. चिठ्ठी विचारली जात नाही, पावती दिली जात नाही. पट्टीच्या ज्या टोकाला मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक छापलेला असतो, ते टोक पुष्कळदा दुकानातच राहते.

कायदा मुका आहे असे नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार केवळ नोंदणीकृत फार्मासिस्टला दिला आहे. चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरेच औषध परस्पर देण्यास १९४५ च्या औषध नियमांनी मनाई केली आहे. १ मार्च २०१४ पासून क्षयरोगावरील औषधे आणि अनेक प्रभावी प्रतिजैविके ‘एच-१’ या अनुसूचीत आली. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे आणि ती तीन वर्षे जपणे बंधनकारक झाले. जानेवारी २०१५ मध्ये फार्मसी व्यवसायाचे विनियम निघाले. त्यांनी चिठ्ठी तपासणे आणि रोग्याला औषधाची माहिती देणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरविले. आणि जेथे आपण काम करीत नाही, त्या दुकानाला प्रमाणपत्र वापरू देणे हे गैरवर्तन ठरविले. नियमांची उणीव नाही. उणीव आहे ती नियम पाळू शकेल अशा स्वतंत्र माणसाची.

ही उणीव किती महाग पडू शकते? २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध पिऊन वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडला. तामिळनाडूत बनलेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८ टक्क्यांहून अधिक आढळले. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने चौदा रुग्णांचा बळी घेतला, तेव्हाही विष हेच होते. आणि लेंटिन आयोगाने शासकीय यंत्रणेतील बेपर्वाई व लागेबांधे चव्हाट्यावर मांडले होते. चार दशके लोटली, विष तेच राहिले.

बाटलीतले विष फार्मासिस्टला नुसत्या डोळ्यांनी ओळखता आले नसते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्याचा पहिला दोष कारखानदाराचा आणि तपासणी न करणाऱ्या शासनाचा. परंतु त्या औषधातील क्लोरफेनिरामिन व फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. ‘बाळाचे वय काय?’ एवढा एक प्रश्न गल्ल्यावर विचारला जाणे किती मोलाचे असते, हे यावरून ध्यानात येईल. आणि बॅच क्रमांकासह पावती दिलेली असेल, तरच विषारी ठरलेली बाटली कोणत्या घरी गेली याचा माग लावता येतो. पावतीचा कागद हा हिशेबाचा नव्हे, जीविताचा प्रश्न आहे.

मग हा प्रश्न विचारणारा माणूस कुठे गेला? पदविका घेऊन बाहेर पडलेला तरुण कामासाठी वणवण फिरतो. त्याला कोणी सांगतो, ‘तू येऊ नकोस, तुझे प्रमाणपत्र तेवढे दे, महिन्याला ठरलेली रक्कम मिळेल.’ त्याचे शिक्षण अशा रीतीने भाड्याने जाते. जो प्रत्यक्ष नोकरी करतो त्याचीही स्थिती फारशी निराळी नाही. चिठ्ठीवाचून प्रतिजैविक देणार नाही, असे म्हणण्याची त्याची इच्छा असली, तरी मालक म्हणणार, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. ज्याला ‘नाही’ म्हटल्यास नोकरी गमवावी लागते, त्याच्या गळ्यात आचारसंहितेची पाटी अडकवून काय साधणार? फार्मासिस्टच्या नीतीचा प्रश्न हा मुळात एका कष्टकऱ्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे.

दुकानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, नियंत्रित किमतीच्या औषधांवर २०१३ च्या आदेशाने किरकोळ विक्रेत्याला १६ टक्केच ठेवले आहेत. खेड्यातील लहान दुकानाला पूर्णवेळ फार्मासिस्टचा पगार परवडत नाही, आणि दुकान बंद पडले तर हाल गावाचेच होतील. हे सर्वस्वी खोटे नाही. पण ज्या ब्रँडेड जेनेरिक गोळ्यांवर छापील किंमत खरेदीच्या कित्येक पट असते, त्यांचा नफा या हिशेबात का येत नाही? १९७५ साली हाथी समितीने ब्रँड नावे टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची शिफारस केली होती. ती मनापासून अंमलात आली असती, तर हा दुटप्पी व्यवहार एवढा माजला नसता. अन्न व औषध प्रशासनाचे तत्कालीन आयुक्त महेश झगडे यांनी २०११ नंतर फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. त्याच व्यवसायाने २८ सप्टेंबर २०१८ रोजी ऑनलाइन औषधविक्रीविरुद्ध देशव्यापी बंद पाळला. जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून औषध विकले जाऊ नये, हा त्यांचा मुद्दा रास्त होता. परंतु तो माणूस आपल्याच दुकानात नसेल, तर या मुद्द्याला बळ कोठून येणार?

तेव्हा आपली भूमिका स्पष्ट असावी. फार्मासिस्टला लेखी नेमणूकपत्र व पदाला साजेसे वेतन मिळाले पाहिजे. नियमबाह्य विक्री नाकारणाऱ्याला नोकरीचे संरक्षण हवे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील औषधनिर्माण अधिकाऱ्यांची रिक्त पदे भरून तेथील औषधसाठा पुरेसा राहिला, तर गरिबाला गल्ल्यापुढे हात पसरण्याची पाळीच कमी येईल. राज्य फार्मसी परिषदेकडे तक्रार करण्यासाठी सिंदखेड राजाच्या माणसाला मुंबईकडे पाहावे लागू नये. सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावी.

शासन हे करील तेव्हा करील. कार्यकर्त्यांना आजच करता येण्याजोगे काम आहे. प्रत्येकाने औषध घेताना पावती मागावी, बॅच क्रमांक व मुदत पाहावी आणि भिंतीवरच्या नावाचा माणूस कोण, हे शांतपणे विचारावे. भांडण करू नये, पण विचारणे सोडू नये. तो माणूस हजर असेल तर त्याला नमस्कार करून त्याच्याकडूनच औषध समजावून घ्यावे. त्याचे गल्ल्यावरचे स्थान त्याला परत मिळवून देणे, हे त्याच्याइतकेच आपलेही काम आहे.