गॅस रेग्युलेटर व नळ्यांच्या घरोघरी तपासणीबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धाराशिव
मार्फत : मा. तहसीलदार, तुळजापूर

विषय : मौजे जळकोट (ता. तुळजापूर) येथील घरगुती गॅसचे रेग्युलेटर सुरक्षित बसवून त्यांची नियमित तपासणी होणेबाबत.

महोदय,

1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या अनेक घरांत गॅस आला. त्याचे आम्हाला समाधान आहे. मात्र जोडणीच्या दिवशी रेग्युलेटर बसवला गेला, त्यानंतर तो पाहायला कुणी आलेच नाही, अशी घरे गावात आहेत. कुठे भेगा पडलेली नळी तारेने आवळलेली आहे, तर कुठे बाजारातला बिनछापाचा रेग्युलेटर लावलेला आहे.

टाकीतला दाब हवेच्या दाबाच्या कित्येक पट असतो. रेग्युलेटरमधला रबरी पडदा आणि स्प्रिंग तो सुमारे 30 मिलिबारवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या जेमतेम 3 टक्क्यांवर आणतात. पडदा फाटला की हा ताबा सुटतो. टाकीच्या तोंडातले रबरी वायसर झिजले असेल, तर रेग्युलेटर नवा असूनही गॅस गळतो. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो जमिनीलगत साचतो. आमच्याकडे अनेक घरांत एकाच खोलीत गॅसची शेगडी आणि पेटती चूल शेजारी असते. तिथे थोडी गळतीही जिवावर बेतू शकते.

रेग्युलेटर अनामत रक्कम घेऊन दिलेला असतो, तो गॅस कंपनीच्या मालकीचा असतो. म्हणून त्याच्या देखभालीची जबाबदारी एकट्या ग्राहकावर टाकता येणार नाही. आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. गावातील प्रत्येक जोडणीची घरोघरी मोफत तपासणी करावी. रेग्युलेटर, नळी, शेगडी आणि टाकीची जागा पाहून तारखेसह लेखी नोंद ग्राहकाला द्यावी.

2. सदोष रेग्युलेटर एजन्सीने तत्काळ बदलून द्यावा. त्यासाठी मजुरी करणाऱ्या माणसाला दिवस मोडून खेटे घालावे लागू नयेत.

3. 5 वर्षे झालेली नळी बदलावी. उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांना आयएसआय छापाची सुरक्षा नळी मोफत मिळावी.

4. टाकी घरपोच देताना सील, वजन आणि तोंडाची गळती ग्राहकासमोर तपासावी. वायसर खराब असल्यास टाकी तिथेच बदलावी.

5. बिनछापाचे रेग्युलेटर व नळ्या विकणाऱ्यांवर, तसेच सोलापूर–हैदराबाद महामार्गालगत घरगुती टाक्या वापरणाऱ्या हॉटेलांवर पुरवठा विभागाने कारवाई करावी.

6. ग्रामसभा, शाळा आणि महिला बचत गटांत प्रात्यक्षिक दाखवावे : टाकी उभीच ठेवावी, शेगडी टाकीपेक्षा उंच असावी, गळती साबणाच्या फेसाने पाहावी, काडी ओढून कधीही नाही. वास आल्यास विजेचे बटण दाबू नये. रेग्युलेटर बंद करून टाकीवर टोपण बसवावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन 1906 या क्रमांकावर कळवावे.

7. अपघात विम्याची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावी. नोंदणीकृत ग्राहकाच्या घरी गॅसच्या अपघातात मृत्यू झाल्यास प्रति व्यक्ती 6 लाख रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद आहे, हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नाही.

महोदय, तपासणीला एका घरात फार वेळ लागत नाही. एखाद्या घरात भडका उडाल्यावर पंचनामा करायला येणारी यंत्रणा त्याआधी एकदा तपासणीला यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. आपण गॅस एजन्सी, पुरवठा विभाग आणि ग्रामपंचायत यांची संयुक्त बैठक घेऊन तपासणीच्या तारखा जाहीर कराव्यात, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
समस्त ग्रामस्थ व महिला भगिनी, जळकोट

प्रत माहितीस्तव :
1. मा. जिल्हा पुरवठा अधिकारी, धाराशिव
2. मा. सरपंच, ग्रामपंचायत जळकोट