नागपूजा आणि नागाची ओळख

श्रावण शुद्ध पंचमी उजाडली की नागनदीच्या काठच्या या नागपुरात घरोघरी पाटावर गंधाने नाग रेखिले जातात आणि सहस्रावधी भाविक पचमढीच्या नागद्वाराची वाट धरतात. अशा पर्वकाळी एका निसर्गाभ्यासकाचे स्मरण करणे आम्हांस पूजेचेच अंग वाटते.

रोम्युलस व्हिटेकर यांनी आपले आयुष्य सर्पांच्या अभ्यासास वाहिले. नागराजावरील त्यांच्या अनुबोधपटास १९९८ साली एमी पारितोषिक लाभले. आपल्या पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ विषारी सापांसह ७२ तास राहून, डिवचल्यावाचून साप दंश करीत नाही, हे दाखविले. या मंडळींनी आपल्या कित्येक समजुतींना धक्का दिला. सापास बाह्य कर्ण नाही. तो डोलतो तो पुंगीच्या हालचालीबरोबर. बेडूक, उंदीर हे त्याचे अन्न, दूध नव्हे. गारुड्याने तहानेने व्याकूळ केलेला नाग पुढे येईल ते पितो, इतकेच.

नारदांच्या गादीवरून आम्हीही जिवंत नागास दूध पाजण्याचे पुण्य वर्णिले आहे. ते वर्णन आज आम्ही मागे घेतो.

यात धर्माची हानी कोणती? जनमेजयाचे सर्पसत्र आस्तीकाने थांबविले, ही कथा महाभारताच्या आदिपर्वातलीच. नागपंचमीस भूमी नांगरू नये, हा दंडकही जीवरक्षणाचाच. मग दात उपटलेला, टोपलीत कोंडलेला नाग पूजणे, ही कोणती भक्ती? १९७२च्या वन्यजीव कायद्यानेही नाग पकडण्यास मनाई केली आहे.

प्रश्न माणसाच्या प्राणांचाही आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात, म्हणून मांत्रिकाचा मंत्र फळल्यासारखा दिसतो. विषारी दंशावर उतारा प्रतिविषाचाच. त्यासाठी लागणारे विष तामिळनाडूतील इरुळा जमातीचे सर्पपारखी १९७८ साली स्थापन झालेल्या आपल्या सहकारी संस्थेतून पुरवीत आले आहेत. सापाचे प्राण राखून चरितार्थ चालतो, याचा हा दाखला.

तेव्हा माताभगिनींनो, दूध-लाह्यांचा नैवेद्य रेखिलेल्या नागास अवश्य दाखवा. दारी आलेल्या गारुड्यास टोपली उघडू न देता पसाभर धान्य घाला. आणि घरात कोणास दंश झालाच, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा. नागदेवता यानेच प्रसन्न होईल, अशी आमची श्रद्धा आहे.