पाच मिनिटांची फेरी, दोन राज्यं

गोव्याला कोण कोण गेलंय, असं कुठल्याही ऑफिसच्या कँटीनमध्ये विचारून बघा. सगळे हात वर! आता विचारा, कोण कोण तेरेखोलच्या फेरीतून गोव्यात शिरलंय? एखादा हात वर आला, तर त्या माणसाशी दोस्ती करा. कामाचा माणूस आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचा गोवा एकतर विमानातून सुरू होतो, नाहीतर स्लीपर कोचच्या पडद्याआडून. डोळे चोळत उठेपर्यंत म्हापसा आलेलं असतं. मधे एक बॉर्डर लागते, ती आपण झोपेत पार करतो. या वेळी मी ठरवलं की ती जागेपणी पार करायची. आणि हायवेवरून नाही, समुद्राच्या कडेकडेने. टीममधल्या एकाचं आजोळ आरोंद्याला, म्हणजे अगदी बॉर्डरवर. त्यामुळे जेवणाखाणाची आणि गाईडची सोय फुकटात झाली. शुक्रवारी रात्री आम्ही चौघंजण तुतारी एक्स्प्रेसमध्ये चढलो. ती सावंतवाडीला संपते, म्हणजे स्टेशन चुकायची भीती नाही. लॅपटॉप घरी ठेवला होता. (मॅनेजरला सांगू नका.)

सावंतवाडीहून गाडी करून आधी वेंगुर्ला गाठलं. इथून तेरेखोलपर्यंत साधारण तीस किलोमीटरचा रस्ता आहे. मुंबईत एवढ्या अंतरात आपलं अख्खं आयुष्य जातं, इथे मात्र पाच-सहा गावं आणि तीन-चारशे वर्षं लागतात. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातली डचांची वखार आहे. आता पडीक. पोर्तुगीज गोव्यात बसलेत म्हटल्यावर त्यांच्या उशालाच दुकान थाटण्याची ती आयडिया होती. स्पर्धकाच्या समोरच शोरूम उघडणं, ही काही मॉलवाल्यांनी काढलेली टूम नाही.

पुढे मोचेमाड, मग आरवली. जयवंत दळवींची आरवली. इथे वेतोबाचं देऊळ आहे आणि देवाला नवसाच्या चपला वाहतात. साध्यासुध्या नाहीत, देवाच्या मापाच्या, भल्यामोठ्या, चामड्याच्या! वेतोबा रात्री गावाच्या राखणीला हिंडतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. नाइट शिफ्ट करणाऱ्या आमच्यातल्या एकाने तिथे फार मनापासून हात जोडले.

आरवलीला लागूनच शिरोडा. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ इथल्या शाळेत शिकवत होते. आणि १९३०च्या मे महिन्यात इथल्याच मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. आपल्याला दांडी माहीत असते, शिरोडं नसतं. मिठागरांतले पाण्याचे चौकोन उन्हात चमकत होते, तिथे गाडी थांबवून आम्ही उगाच गप्प उभे राहिलो. नंतर रेडी. लोहखनिजाच्या खाणींमुळे सगळं कसं लालेलाल. खाणीतच १९७६मध्ये सापडलेला दोन हातांचा मोठ्ठा गणपती आहे, आणि झाडांच्या मुळांनी गिळत आणलेला यशवंतगड. रेडी सोडली की रस्ता चढतो, वळतो, आणि अचानक पाट्या बदलतात. अजून नदी ओलांडलेली नाही, तरी तुम्ही गोव्यात!

हे काय गौडबंगाल आहे? नकाशा काढून बघा. तेरेखोल नदी सह्याद्रीतून येते आणि शेवटच्या टप्प्यात महाराष्ट्र-गोव्याची हद्द होते. उत्तरेला महाराष्ट्र, दक्षिणेला गोवा. नियम सोपा आहे. फक्त मुखाजवळ, उत्तर काठावर, एक चिमुकला तुकडा गोव्याचा आहे. तेरेखोल गाव आणि त्याचा किल्ला. जमिनीवरून जायचं तर तीन बाजूंनी नुसता सिंधुदुर्ग किंवा पाणी. आपल्या गोव्याला भेटायचं, तर फेरी.

यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे. किल्ला मूळचा सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला. पण नदीपलीकडचा पेडणे तालुका त्यांच्या हाती आला तो १७८८ मध्ये. म्हणजे आज जो ‘एकटा पडलेला’ गोवा वाटतो, तो समोरच्या काठापेक्षा बेचाळीस वर्षं आधी गोव्यात गेलेला आहे. नंतर राज्यकर्ते बदलले, पण रेघ तीच राहिली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात यायचं की नाही, यावर तिथे मतदान झालं. ‘फूल’ म्हणजे विलीनीकरण, ‘दोन पानं’ म्हणजे वेगळं राहणं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झालं, आणि कुठल्यातरी व्हाइसरॉयच्या वेळची रेघ आपल्या राज्याची हद्द होऊन बसली.

गंमत म्हणजे ही रेघ सगळ्यांनाच दिसते असं नाही. मोबाइल कंपन्यांच्या लेखी महाराष्ट्र आणि गोवा एकच सर्कल. हायकोर्टही एकच, मुंबईचं. गोव्यात त्याचं खंडपीठ. अलीकडची माशाची कढी पलीकडे हुमण होते, मासा तोच. मालवणी बोलता बोलता कोकणी कधी झाली, ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. रेघ दिसते ती पेट्रोल पंपावर आणि दारूच्या दुकानात. पलीकडे दोन्ही स्वस्त. (परत येताना डिकीत बाटल्या भरून आणायचा विचार असेल, तर परवाना लागतो. नाक्यावर विचारतात. मग म्हणू नका, सांगितलं नाही.)

किल्ला लहानसाच आहे. आत चर्च आहे, आणि गोवा सरकारने पुढे त्याचं हेरिटेज हॉटेल केलं. तटावर उभं राहिलं की खाली नदी समुद्राला मिळताना दिसते. समोर केरीची वाळू आणि सुरूचं बन. फोटो तर निघणारच, काढा. पण एक लक्षात ठेवा. १५ ऑगस्ट १९५४ ला मूठभर गोवेकर सत्याग्रहींनी या किल्ल्यात शिरून तिरंगा लावला होता. नंतर ते पकडले गेले. तुम्ही ज्या तटाला टेकून प्रोफाइल पिक काढता, तिथे कुणीतरी तुरुंगाची तयारी ठेवून आलं होतं.

किल्ल्याखाली धक्का आहे. फेरी आली. सपाट, लोखंडी, तोंड उघडून उभी राहणारी. आधी माणसं, मग स्कूटर्स, मग दोन-तीन गाड्या, एक पावाची टोपली बांधलेली सायकल. ढग्ग असा आवाज करत फळी वर उचलली जाते आणि आपण निघतो. पाच मिनिटं. मोजून पाच. एवढ्यात आमच्या ऑफिसची लिफ्ट बाराव्या मजल्यावर पोचत नाही. वारा, डिझेलचा वास, दोन घारी, आणि समोरून वाळूची पट्टी हळूहळू मोठी होत येते. कुणाचा फोन वाजला नाही. वाजला असता तरी कुणी घेतला नसता. मला वाटलं, अरे, ही फेरी कधीच बंद पडू नये. इथे पूलबिल होऊ नये.

हे मी मोठ्याने बोलले. शेजारी एक काका उभे होते, हातात किराण्याची पिशवी. तेरेखोलचेच. ते हसले, रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘तुम्ही वर्षातून एकदा येणार. आमची पंचायत पलीकडे केरीला. सरकारी काम म्हटलं की पलीकडे. रात्री फेरी बंद झाली आणि कुणाच्या छातीत दुखलं, तर गाडी महाराष्ट्रातनं आरोंद्याला वळसा घालून न्यायची. तुम्हाला वारा लागतो, आम्हाला वेळ लागतो.’’

यावर काय बोलणार? २०१५ च्या आसपास इथे पुलाचं काम हाती घेतलं गेलं होतं. ते पर्यावरणाच्या परवानग्यांवरून कोर्टकज्ज्यात अडकलं. गावाच्या पठारावर गोल्फ कोर्स येणार, यावरूनही मोठं भांडण झालं, आणि पूल नक्की गावासाठी की गोल्फ खेळणाऱ्यांसाठी, असा प्रश्न लोकांनी उघड विचारला. म्हणजे मामला ‘पूल हवा की नको’ एवढा सरळ नाही. कुणाला हवा, कशासाठी हवा आणि त्यावरून काय काय येणार, हे विचारायला लागतं. शेजारी मोपाला २०२२ च्या डिसेंबरात विमानतळ झालाय. पेडण्यात जमिनीकडे बघणाऱ्या नजरा आता वेगळ्या आहेत.

संध्याकाळी आम्ही आतल्या रस्त्याने किरणपाण्याला आलो आणि तिथल्या पुलावरून परत महाराष्ट्रात, आरोंद्याला. मित्राच्या आजीने पानात उकड्या तांदळाचा भात, कढी आणि तळलेले बांगडे वाढले. आजी नव्वदीला टेकलेल्या. ‘‘फेरीतून आलात काय?’’ म्हणून त्यांनी चौकशी केली. मी फेरीचं भरभरून कौतुक केलं. त्या ऐकत राहिल्या. मग अंगणाच्या टोकाशी जाऊन पलीकडच्या माडांकडे बोट केलं. ‘‘ता पलीकडे दिसता ना, ता माझा म्हायार.’’

लग्न करून त्या इकडे आल्या तेव्हा मधे फक्त नदी होती आणि होडी होती. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं. मग गोव्याचा लढा पेटला. १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्या, भारत सरकारने गोव्याची कोंडी केली, हद्द बंद झाली. हे सगळं आपण पुस्तकात वाचतो. आजींच्या घरात त्याचा अर्थ एवढाच होता की होडी बंद. पुढच्या वर्षी त्यांचे वडील गेले. निरोप नदीवरूनच आला, पलीकडून कुणीतरी हाक मारून सांगितलं. परवान्याचे कागद होईपर्यंत थांबायला वेळ कुठला? ‘‘माका जावक गावला नाय,’’ आजी म्हणाल्या. त्या याच काठावर उभ्या राहिल्या. पलीकडे धूर दिसला. तो विझेपर्यंत त्या उभ्या होत्या. मग त्याच नदीत, या बाजूला, त्यांनी अंघोळ केली आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागल्या. माहेरचा उंबरा त्यांनी पुन्हा ओलांडला तो गोवा मुक्त झाल्यावर.

आम्ही चौघं गप्प. आजींनी मात्र माझ्या पानात आणखी एक बांगडा वाढला. त्यांना विचारलं, ‘‘आजी, मग तुम्हाला होडी आवडायची की पूल?’’ त्या म्हणाल्या, ‘‘पूल बरो.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘पुलाक कोण विचारता, खंय जातंस?’’

माझं अख्खं बॉर्डर-टुरिझम त्या एका वाक्यात संपलं. आपल्याला बॉर्डर आवडते, कारण ती आपल्याला अडवत नाही. इकडे मालवणी थाळी, तिकडे फेणी, मधे फेरी, असं मस्त पॅकेज होतं. पण रेघेवर राहणाऱ्यांसाठी ती कधी फक्त पाटी असते आणि कधी बापाच्या चितेपर्यंतचं अंतर. नदीची रुंदी तेवढीच राहते.

म्हणून जाऊ नका, असं मी म्हणत नाहीये. उलट, जाच! सावंतवाडीला उतरा, वेंगुर्ला-शिरोडा-रेडी करत तेरेखोल गाठा. शक्यतो पावसाळा सोडून. फेरी साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने सुटते. रात्री शेवटची कधी, ते धक्क्यावर आधीच विचारून ठेवा. गाडीच्या काचा खाली करून आत बसू नका, खाली उतरा आणि कठड्याला उभे राहा. बिअरच्या बाटल्या वाळूत टाकू नका, ती वाळू कुणाचं तरी अंगण आहे. आणि शेजारी किराण्याची पिशवी घेऊन कुणी उभं असेल, तर पूल हवा की नको ते त्यांना विचारा. पाच मिनिटं असतात. सोमवारच्या मीटिंगमध्ये आपण त्याहून जास्त वेळ नुसतं ‘माझा आवाज येतोय का?’ विचारण्यात घालवतो.