खेळाडूचा सदरा

वेषावरून माणसाची किंमत करूं नये, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तथापि खेळाच्या मैदानावर वेषाला जें महत्त्व आहे, तें केवळ दिखाऊ नव्हे. अकरा गडी एका रंगाचे सदरे घालून उभे राहिले, म्हणजे श्रीमंताचा कोण व गरिबाचा कोण, हा भेद तेवढ्या वेळेपुरता तरी मावळतो. म्हणून फुटबॉलच्या ह्या सदऱ्याविषयीं, ज्याला आमचे विद्यार्थी 'जर्सी' म्हणतात, चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें.

सांप्रत आपल्या छत्रपती संभाजीनगरांत औरंगपुरा, गुलमंडीकडील बाजारांत परदेशी क्लबांच्या जर्सींच्या नकला टांगलेल्या दिसतात. इटलींतील युव्हेंटसचे काळे-पांढरे, इंटरचे निळे-काळे व मिलानचे तांबडे-काळे पट्टे मुलांस विशेष प्रिय आहेत. ह्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु तशी जर्सी नाहीं म्हणून एखादा मुलगा खेळावयास येण्याचें टाळूं लागला, किंवा ती मिळावी म्हणून घरीं हट्ट धरून बसला, म्हणजे त्या सदऱ्यांचा इतिहास त्यास सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

युव्हेंटस क्लब १८९७ सालीं ट्यूरिन शहरांतील एका विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं स्थापिला. जगभर नांव गाजविणारा हा क्लब मूळचा शाळकरी मुलांचाच होय. त्यांचे आरंभीचे सदरे गुलाबी होते. धुऊन धुऊन त्यांचा रंग उडाला, तेव्हां १९०३ सालीं क्लबाशीं संबंध असलेल्या जॉन सॅव्हेज नामक इंग्रज गृहस्थानें नॉटिंगहॅम येथील आपल्या मित्राकडून नवे सदरे मागविले. मित्र पडला तेथील नॉट्स काउंटी संघाचा चाहता. त्यानें त्याच संघाचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे धाडून दिले. ट्यूरिनच्या मुलांनीं ते मुकाट्यानें अंगांत घातले, आणि तेच पट्टे आज शंभराहून अधिक वर्षें त्या क्लबाची ओळख होऊन राहिले आहेत. सदऱ्याला थोरवी आली ती कापडामुळें नव्हे, तर तो घालून पुढें जें खेळलें गेलें त्यामुळें.

इटलींत आणखी एक चाल आहे. जेनोआ क्लबानें १९२४ सालीं राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें, तेव्हांपासून विजेत्या संघानें पुढील हंगामांत सदऱ्यावर तिरंगी ढाल लावण्याचा प्रघात पडला. दहा विजेतेपदें पुरीं झाल्यावर १९५८ सालीं युव्हेंटसनें छातीवर सोनेरी तारा लावला. ढाल आणि तारा हीं आज बाजारांत विकत मिळतात खरीं. पण मिळवावीं लागतात तीं मैदानावरच.

सदऱ्यासाठीं सोसावें लागल्याचेंही उदाहरण आहे. परदेशी गड्यांनाही दार मोकळें असावें, म्हणून १९०८ सालीं मिलान क्लबांतून फुटून इंटर क्लब निघाला. 'आंतरराष्ट्रीय' अशा अर्थाचें त्याचें नांव मुसोलिनीच्या राजवटीस खपेना. १९२८ सालीं त्यास दुसऱ्या क्लबाशीं जोडून त्याचें नांव बदललें, आणि निळे-काळे पट्टे जाऊन लाल क्रुसाचा पांढरा सदरा आला. पट्टे लवकरच परतले. जुनें नांव मात्र १९४५ सालीं, ती राजवट कोसळल्यावर मिळालें.

परंतु सर्वांत हृदयद्रावक कथा ट्यूरिनच्याच दुसऱ्या क्लबाची, टोरिनोची आहे. ४ मे १९४९ रोजीं लिस्बनहून सामना खेळून परतत असतां ह्या संघाचें विमान सुपेर्गा टेकडीवरील चर्चवर आदळलें. ३१ जण मृत्यु पावले. त्यांत १८ खेळाडू होते. हंगामाचे चार सामने बाकी होते. टोरिनोनें आपल्या कुमार गड्यांस तोच गडद तांबडा सदरा देऊन मैदानावर धाडलें. आणि समोरच्या चारही संघांनीं आपले कसलेले खेळाडू बाजूस ठेवून कुमारच उतरविले. सदऱ्याचा मान राखणें म्हणजे काय, हें ह्याहून स्पष्ट कोणी दाखवावें?

आतां आपल्या महाराष्ट्राकडे वळूं. २०१४ सालीं इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हां एफ. सी. पुणे सिटी ह्या क्लबानें फ्लॉरेन्स शहरच्या फिओरेंटिना क्लबाशीं भागीदारी केली. फिओरेंटिनाचा सुप्रसिद्ध जांभळा रंग पुण्याच्या रंगांत नारिंगीच्या जोडीला आला. फ्रँको कोलोम्बा हे इटालियन प्रशिक्षक आले. युव्हेंटसकडून खेळलेला डेव्हिड ट्रेझेगे बालेवाडीच्या मैदानावर उतरला. पण २०१९ सालीं तो क्लबच उरला नाहीं. त्याची जागा हैदराबादच्या क्लबानें घेतली. बिचाऱ्या चाहत्यांचा ह्यांत कांहीं दोष नव्हता. परंतु ज्या सदऱ्याचें आयुष्य धन्यांच्या हिशेबावर अवलंबून असतें, तो हिशेब फिरतांच खुंटीवर जातो. रंग उसना आणतां येतो. त्यावरील जिव्हाळा पिढ्यांनीं जोपासावा लागतो.

तर मग परदेशी सदरा घालूंच नये काय? असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. युव्हेंटसचा सदरा तरी कोठें स्वदेशी होता? आवडत्या संघाची जर्सी सुटीच्या दिवशीं खुशाल घालावी. मात्र शाळेच्या संघांत शाळेचाच सदरा असावा, व तो शाळेच्या कपाटांतून मिळावा. हंगामाच्या आरंभीं तो गड्यांस द्यावा, अखेरीस धुऊन परत घ्यावा, आणि पुढील वर्षीं धाकट्यांच्या हातीं सोंपवावा. थोरल्यांच्या घामाचा सदरा धाकट्यास मिळणें ह्यांत कमीपणा नाहीं. तोच त्याचा वारसा होय.

कोणी सुचवितात कीं, सदऱ्यावर एखाद्या दुकानाचें नांव छापूं दिल्यास सदरे फुकट मिळतील. इटलीच्या लीगनेंही १९८१ सालीं अशी परवानगी दिली. पण त्या क्लबांस खेळाडूंचे पगार भागवावे लागतात. आपणांस फक्त अकरा सदरे शिवावयाचे आहेत. तेवढ्यासाठीं मुलांच्या छातीवरची जागा विकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलानें महागड्या जर्सीचा हट्ट धरल्यास त्यास रागें न भरतां गुलाबी रंग उडालेल्या त्या सदऱ्यांची गोष्ट सांगावी. आणि विद्यार्थ्यांनो, सदरा नाहीं म्हणून आपल्यांतील एकही गडी मैदानाबाहेर उभा राहणार नाहीं, एवढें पाहा. तेवढें साधलें, तर आपला साधा सदराही जगांतील कोणत्याही सदऱ्याच्या पंक्तीस बसेल.