कोड त्वचेवर, काळजी डोळ्यांचीही

दरवर्षी २५ जूनला जागतिक कोड दिन पाळला जातो. त्या दिवशी बोलले जाते ते कातडीबद्दल आणि गैरसमजांबद्दल. ते गरजेचेही आहे. 'पांढरे कुष्ठ' म्हणून लग्ने मोडणारे लोक आजही आहेत आणि कोडाचा कुष्ठरोगाशी काडीचा संबंध नाही. डोळ्यांचा विषय मात्र राहून जातो.

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी डोळ्यांच्या आतही असतात. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती याच पेशींवर उलटते. तरीही बहुतेकांची नजर शाबूत राहते, हे आधी सांगायला हवे. काहींचे डोळे कोरडे पडतात, पापण्यांचे केस पांढरे होतात, एवढेच.

खरी भीती औषधाची आहे. कणकवलीसारख्या तालुक्याच्या गावात त्वचेच्या डॉक्टरकडे जाण्याआधी ट्यूब घरात येते. कधी दुकानातून, कधी गणपतीला आलेल्या चाकरमान्याच्या बॅगेतून. डाग पापणीवर असेल तर मलम तिथेच चोळले जाते. ते स्टेरॉइडचे असेल आणि महिनोन्‌महिने चालू राहिले, तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. काचबिंदू दुखत नाही. कडेची नजर गेलेली कळते तेव्हा उशीर झालेला असतो आणि गेलेली नजर परत येत नाही. चिठ्ठीशिवाय अशी मलमे विकू नयेत, असा नियम केंद्राने २०१८ मध्ये केला. नियम कागदावर चांगला आहे.

एक दुर्मीळ आजार मात्र उलट चालीचा. व्होग्ट-कोयानागी-हराडा हे त्याचे नाव. आशियाई लोकांत तो जास्त दिसतो. त्यात आधी डोके दुखते, कानात आवाज येतो, दोन्ही डोळे लाल होऊन अंधुक दिसते. कोड येते ते आठवड्या-महिन्यांनी. इथे स्टेरॉइडच नजर वाचवते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोठ्या मात्रेत आणि वेळेवर. डोळे आले असतील म्हणून थेंब घालत बसले, तर तो वेळ हातचा जातो.

गावोगावच्या नेत्रशिबिरांत रांग असते ती मोतीबिंदूच्या वयस्करांची. कोड मात्र बऱ्याचदा विशीच्या आतच सुरू होते आणि ती मुले त्या रांगेत नसतात. दाब मोजायला काही मिनिटे पुरतात. तपासणीला जाताना वापरातली ट्यूब सोबत न्यावी. नाव आठवत नसले तरी डॉक्टरांना ती वाचता येते.