कच्ची वही

गेल्या नाताळच्या सुटींत या शाळेचा एक जुना विद्यार्थी मला भेटावयास घरीं आला होता. तो सध्यां एका कलाविद्यालयांत ॲनिमेशन, म्हणजे स्थिर चित्रांकडून हालचाल करवून घेण्याची कला, शिकत आहे. त्याच्या काखेंत कागदांचें एक जाड बाड होतें. तो आपला चित्रपट दाखविण्यासाठीं आला असावा असें मला वाटलें. परंतु त्यानें माझ्यापुढें ठेवले ते खोडलेले, चुरगळलेले व लाल शेऱ्यांनीं भरलेले कागद. "सर, चित्रपट अवघा अर्ध्या मिनिटाचा आहे, तो मागाहून पाहा. आधीं हें पाहा," असें तो म्हणाला. त्या संध्याकाळच्या बोलण्यावरून मला जें सुचलें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें मांडावें, म्हणून हा लेख.

प्रथम त्या कलेची रीत थोडक्यांत सांगतों. चित्रपटाच्या पडद्यावर दर सेकंदास २४ चित्रें एकामागून एक दाखविलीं जातात, आणि त्यामुळें आपल्या डोळ्यांस सलग हालचालीचा भास होतो. हातानें चित्रें काढणारे कलावंत पुष्कळदां एकच चित्र दोन वेळां दाखवितात. तरी सेकंदास १२ चित्रें लागतातच. म्हणजे अर्ध्या मिनिटासाठीं ३६० चित्रें झालीं. आणि ही संख्या फक्त पसंत पडलेल्या चित्रांची. टाकून दिलेल्या चित्रांची गणना यांत नाहीं.

त्यास पहिला पाठ मिळाला तो उसळणारा चेंडू काढण्याचा. या कलेच्या विद्यार्थ्यास बहुधा हाच पाठ प्रथम देतात. त्यानें चेंडूचीं चित्रें सारख्या अंतरावर काढलीं. पडद्यावर पाहतो तों चेंडू उसळत नव्हता. कोणीं दोरी बांधून ओढावा तसा सरकत होता. त्याच्या शिक्षकांनीं चूक सांगितली नाहीं. "बाहेर जाऊन चेंडू टाकून पाहा," एवढेंच ते म्हणाले. तो सबंध संध्याकाळ एका भिंतीपाशीं चेंडू टाकीत राहिला. तेव्हां त्यास दिसलें कीं, चेंडू वर जातां जातां मंदावतो, अगदीं वर पोंचल्यावर क्षणभर रेंगाळतो, आणि खालीं येतांना त्याचा वेग वाढत जातो. म्हणून वरच्या टोंकाजवळचीं चित्रें दाटीनें काढावीं लागतात व जमिनीजवळचीं विरळ. गुरुत्वाकर्षणाचा हा नियम आम्हीं त्यास शाळेंत फळ्यावर लिहून दिला होता. त्यानें तो पाठ केला, परीक्षेंत लिहिला व गुणही मिळविले. "पण सर, तो मला कळला त्या भिंतीपाशीं," असें तो म्हणाला.

यानंतर तो जें बोलला तें माझ्या मनास लागलें. तो आठवींत असतां शाळेच्या प्रदर्शनांत त्याच्या पवनचक्कीच्या प्रतिकृतीस मीं पहिला क्रमांक दिला होता. "सर, ती बाबांनीं दुकानांतून करवून आणली होती. मीं तिच्यावर फक्त माझें नांव लिहिलें. तुम्हीं मला बक्षीस दिलेंत. पण ‘हें कसें केलेंस?’ असें एकदांही विचारलें नाहींत. विचारलें असतें तर त्याच दिवशीं मला लाज वाटली असती, आणि बरें झालें असतें." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. परंतु मला त्याच प्रदर्शनांतील दुसरी एक गोष्ट आठवली. एका मुलीनें मातीची विहीर व तिच्यावर मोट अशी प्रतिकृति केली होती. शाळेंत आणतांना विहिरीस तडा गेला होता; मोट मात्र दोरानें खरोखर वर-खालीं होत होती. तिच्या कामावर मीं "नीटनेटकेपणा कमी" असा शेरा मारला होता. सत्य बोलावें, सत्यानें वागावें, असें आम्ही दररोज सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं मुलांस सांगतों. आणि एकाच दिवशीं मीं दोन मुलांस दोन खोटे धडे दिले. एकास शिकविलें कीं, दुसऱ्याच्या श्रमावर आपलें नांव घातलें तरी चालतें. दुसरीस शिकविलें कीं, स्वतःच्या श्रमांस तडा गेला असेल तर त्यांस किंमत नाहीं.

म्हणून माझें स्पष्ट मत असें आहे कीं, शालेय प्रकल्पाचें खरें फळ प्रदर्शनाच्या टेबलावर नसतें. तें मुलाच्या कच्च्या वहींत असतें. टेबलावरची वस्तु चार दिवसांनीं कपाटाच्या माथ्यावर जाते व पुढें रद्दींत. ती करतांना मुलानें जें पाहिलें, जें चुकलें व जें सुधारलें, तेवढेंच त्याच्यापाशीं राहतें.

याचें एक उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच घडलें आहे. त्र्यंबकेश्वर येथें १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनीं मुंबईंत ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहिला, आणि आपल्या देशांतील कथा अशाच पडद्यावर आणाव्या असा ध्यास घेतला. १९१२ सालीं ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. परंतु लगेच त्यांनीं मोठ्या चित्रपटास हात घातला नाहीं. त्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले, तिच्यासमोर कॅमेरा ठेवला, आणि महिन्याहून अधिक दिवस त्या रोपाचीं एक एक करून चित्रें घेतलीं. तो सर्व काळ पडद्यावर मिनिटाभरांत उलगडला: बीं रुजलें, अंकुर वर आला, अंकुराचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ हें त्या लहानशा चित्रपटाचें नांव. तो पाहून पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला, आणि १९१३ च्या मे महिन्यांत ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट मुंबईंत लोकांपुढें आला.

प्रकल्प म्हणजे काय, हें त्या वाटाण्याच्या कुंडीइतकें चांगलें मला दुसऱ्या कशानेंही सांगितलें नाहीं. फाळक्यांनीं बाजारांतून वाढलेला वेल आणून कॅमेऱ्यापुढें ठेवला असता, तर त्याचें चित्र सुरेख आलें असतें; पण वाढ दिसली नसती. मार्काच्या शुभवर्तमानांत प्रभु येशूनें आपोआप वाढणाऱ्या बीजाचा दाखला सांगितला आहे. पेरणाऱ्यानें पेरावें व धीर धरावा. पीक येतें तें आपल्या क्रमानें येतें, क्रम ओलांडून येत नाहीं, असा त्याचा एक अर्थ मी घेतों. मुलांच्या बुद्धीसही हाच नियम लागू आहे. आम्ही शिक्षक व पालक मात्र पेरणी झाल्याबरोबर कणसें मागतों, आणि तीं न दिसलीं तर दुकानांतून आणून बांधतों.

दुसरी शिकण्यासारखी गोष्ट टाकून देण्याची आहे. १९३७ सालीं वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेनें ‘स्नो व्हाइट’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट पुरा केला. त्यांतील सात बुटके सूप पितात असा एक विनोदी प्रवेश वॉर्ड किंबॉल या तरुण कलावंतानें मोठ्या मेहनतीनें काढला होता. त्यामुळें कथेची गति अडते, असें ठरून तो सबंध प्रवेश गाळण्यांत आला. किंबॉल यांनीं पेन्सिल खालीं ठेवली नाहीं. १९४० सालच्या ‘पिनोकियो’ मधील जिमिनी क्रिकेट हें सर्वांस आवडलेलें पात्र त्यांनींच घडविलें. ज्यास आपलें काम गाळलें गेलेलें सोसतें, तोच पुढें चांगलें काम करतो. आमच्या वर्गांत मात्र खोडलेला कागद म्हणजे अपराध समजला जातो, आणि मुलें तो दप्तराच्या तळाशीं लपवितात.

यावर आईबाप म्हणतील, "आमच्या मुलास शाळा, शिकवणी व परीक्षा यांतून वेळ कोठें आहे? आणि दुसऱ्यांचीं मुलें देखण्या वस्तु आणीत असतां आमच्याच मुलानें वांकडीतिकडी कां न्यावी?" ही तक्रार खोटी नाहीं. दोष आधीं आम्हां शिक्षकांचा आहे. आम्हीं चकाकीस गुण दिले, म्हणून घरांनीं चकाकी विकत घेतली. घरच्यांनीं मदत करूंच नये, असेंही मी म्हणत नाहीं. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई स्वतः फिल्मला भोंकें पाडीत व रसायनें तयार करीत. त्यांच्या श्रमांचा उल्लेख आज लोक आदरानें करतात. मदत झांकली म्हणजे ती लबाडी होते. सांगितली म्हणजे तें सहकार्य होतें. वडिलांनीं करवत धरली असेल तर तसें प्रकल्पावर लिहावें. पण विचार आणि चूक हीं दोन्ही मुलाचींच असूं द्यावींत.

आतां तर संगणकास दोन ओळी सांगितल्या कीं तो क्षणांत चित्र काढून देतो व निबंधही लिहून देतो. त्यामुळें हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. उद्यां प्रत्येक मुलाच्या हातीं सुंदर वस्तु असेल. ती कशी झाली हें सांगतां येणारें मूल मात्र विरळा असेल. अशा मुलास पुढें कोणतेंही काम विश्वासानें सोंपवितां येईल.

यंदा मीं माझ्या वर्गांत तीन गोष्टी केल्या. प्रकल्पाचे अर्धे गुण कच्च्या वहीस ठेवले. प्रत्येक मुलानें वर्गापुढें उभें राहून आपण काम कसें केलें, हें पांच मिनिटें सांगावें, असा नियम केला. आणि आपली एक चूक व तिनें काय शिकविलें, हें वहींत लिहावयास लावलें. आमचें टेबल यंदाच्या प्रदर्शनांत कमी देखणें दिसलें, आणि एकदोन पालकांनीं माझ्यापाशीं नाराजीही दाखविली. परंतु पूर्वीं तोंड न उघडणारीं कांहीं मुलें आपल्या फसलेल्या प्रयोगाविषयीं पांचांऐवजीं दहा मिनिटें बोललीं, हेंही मीं पाहिलें.

विद्यार्थिमित्रहो, तुमची कच्ची वही फाडूं नका. तुमचें काम वांकडें झालें तरी तें तुमचें असूं द्या. कोणीं विचारलें तर तें कसें केलें हें ताठ मानेनें सांगतां येईल, असें असूं द्या. आणि ज्या मुलीची मातीची विहीर त्या दिवशीं तडकली होती, तिच्या हातीं हें वार्षिक कधीं पडलें, तर तिनें हा लेख माझी क्षमायाचना समजावा. तिची मोट चालत होती. मींच ती पाहिली नाहीं.